जुने ला स्काला घरी सुधारताना : हॉर्न स्पीकरच्या कामाला प्रथमच हात घालणाऱ्यांसाठी

शेताच्या बांधावरून दूरच्या माणसाला हाक मारताना आपण तोंडाभोवती दोन्ही हात धरतो, आणि तेवढ्यानेच आवाज कितीतरी पुढे जातो. ग्रामोफोनच्या भोंग्यामागे हेच तत्त्व होते आणि आजच्या महागड्या हॉर्न स्पीकरमागेही तेच आहे. स्पीकरचा पडदा जड असतो व हवा हलकी असते, त्यामुळे पडद्याची बरीचशी हालचाल हवेला न पकडता वाया जाते. अरुंद गळ्यापासून रुंद तोंडापर्यंत हळूहळू पसरत जाणारा हॉर्न या दोहोंची सांगड घालतो. परिणामी पडदा अगदी थोडा हलूनही मोठा आवाज निर्माण होतो, आणि पडदा कमी हलत असल्यामुळे आवाजातील विकृतीही कमी राहते.

या लेखासाठी मी क्लिप्श कंपनीचा ला स्काला हा स्पीकर निवडला आहे. पॉल क्लिप्श यांनी अमेरिकेतील आर्कान्सा राज्यातल्या होप या गावी १९४६ मध्ये आपला व्यवसाय सुरू केला. खोलीच्या कोपऱ्यातच ठेवावा लागणारा क्लिप्शहॉर्न हा त्यांचा पहिला स्पीकर, आणि कोपऱ्याची अट नसलेला, मिलानमधील प्रसिद्ध ऑपेरागृहाचे नाव धारण करणारा ला स्काला १९६३ मध्ये आला. यात खर्ज, मध्यम आणि तार या तिन्ही पट्ट्यांसाठी स्वतंत्र हॉर्न आहेत. खर्जासाठी घडी घातलेल्या लाकडी हॉर्नमागे १५ इंची वूफर बसवलेला असतो, तर वरच्या कप्प्यात मध्यम स्वरांचा लांब हॉर्न, तार स्वरांचा छोटा ट्वीटर आणि आवाजाच्या पट्ट्या वेगळ्या करून त्या त्या ठिकाणी पाठवणारा क्रॉसओव्हर असतो. हा कप्पा जुन्या जोड्यांत मागून उघडा असल्यामुळे नवख्या माणसाला शिकण्यासाठी याहून सोयीचा हॉर्न स्पीकर मला माहीत नाही. शिवाय अनेक जोड्या आता चाळीस-पन्नास वर्षांच्या झाल्या असल्याने त्यांच्यात सुधारण्यासारखे खरोखरच काही असते.

पुढील सर्व पायऱ्यांना लागू होणारी एक अट आधीच सांगतो, कारण ती मोडल्यामुळे माझा स्वतःचा एक संपूर्ण पावसाळा वाया गेला होता. एका वेळी एकच बदल करावा, तो आधी एकाच स्पीकरमध्ये करावा, आणि दुसरा स्पीकर तुलनेसाठी जसाच्या तसा ठेवावा. मी उत्साहाच्या भरात कपॅसिटर, वायरी आणि ट्वीटर असे सगळे दोन्ही बाजूंना एकदम बदलले. आवाज वेगळा झाला, पण तो कशामुळे वेगळा झाला आणि चांगला झाला की नुसताच कर्कश, हे ठरवायला माझ्याकडे कोणताही आधार उरला नाही. शेवटी सर्व मूळ भाग परत बसवून पहिल्यापासून सुरुवात करावी लागली, आणि ते शक्य झाले केवळ मूळ भाग टाकून दिले नव्हते म्हणून.

पहिली पायरी : तपासणी

काम सुरू करण्यापूर्वी स्पीकर भिंतीपासून पुढे ओढून घ्यावा. त्याचे वजन पन्नास किलोंहून अधिक असते, त्यामुळे उचलायला दुसरा माणूस हवाच. अँप्लिफायर बंद करून त्याच्या वायरी काढाव्यात. क्रॉसओव्हरमधील प्रत्येक वायर कुठून कुठे जाते याची छायाचित्रे घ्यावीत आणि हाताने एक साधा नकाशाही काढून ठेवावा, कारण छायाचित्रात एकमेकींखाली गेलेल्या वायरी नंतर ओळखू येत नाहीत.

यानंतर मल्टिमीटरने तिन्ही ड्रायव्हरचा, म्हणजे वूफर, मध्यम आणि ट्वीटर या आवाज काढणाऱ्या घटकांचा, रोध मोजावा. मोजताना त्या ड्रायव्हरची निदान एक वायर क्रॉसओव्हरमधून सोडवलेली असावी, नाहीतर आपण ड्रायव्हरऐवजी क्रॉसओव्हरमधील कॉइलच मोजत बसतो. येथे कोणताही आदर्श आकडा पाठ करण्याची गरज नाही. डाव्या आणि उजव्या स्पीकरमधील सारख्या ड्रायव्हरचे आकडे एकमेकांशी जुळले पाहिजेत, एवढे पुरेसे आहे. मीटर काहीच दाखवत नसेल तर व्हॉइस कॉइल, म्हणजे पडदा हलवणारी तारेची गुंडाळी, तुटली आहे, आणि दोन बाजूंत ठळक फरक असेल तर कुणीतरी पूर्वी एका बाजूचा डायफ्रॅम (पडदा) बदललेला असण्याची शक्यता आहे.

वूफरबद्दल अनेकांना भीती असते की त्याची कड कुजली असेल. फोमच्या कडा दहा-पंधरा वर्षांत भुगा होऊन गळतात हे खरे, परंतु ला स्कालातील वूफरची कड चुणीदार कापडाची असते आणि ती दीर्घकाळ टिकते. वूफरपर्यंत पोहोचायचे झाल्यास तळाची फळी उघडावी लागते. त्या वेळी स्क्रूड्रायव्हर घट्ट धरावा. चुंबक तो हातातून खेचून घेतो आणि क्षणात कागदी कोनाला भोक पडते.

कान आणि मोजमाप

उपकरणांशिवाय केलेली सुधारणा ही बहुतेक वेळा केवळ समजूत असते, असे माझे ठाम मत आहे. संगणकाला जोडता येणारा मोजमापाचा यूएसबी मायक्रोफोन आणि रूम इक्यू विझार्ड हे मोफत मिळणारे सॉफ्टवेअर एवढ्यावर आपले काम भागते. मायक्रोफोन मध्यम हॉर्नच्या समोर एक मीटरवर, त्याच उंचीला ठेवावा आणि बारीक आवाजात संपूर्ण पट्टीचा स्वीप, म्हणजे खालपासून वरपर्यंत सरकत जाणारा स्वर, वाजवावा. दोन्ही स्पीकरचे आलेख एकमेकांवर ठेवून पाहावेत. त्यातील फरक हीच आपल्या कामाची पहिली यादी असते. एका जोडीत सहा हजार हर्ट्झच्या वर एक बाजू चार-पाच डेसिबलने खाली दिसली, तर कपॅसिटर किंवा ट्वीटर यांपैकी एकात दोष आहे हे कानाला कळण्याआधीच आपल्याला कळते. मग दोन्ही बाजूंचे ट्वीटर आपसांत बदलून पाहावेत. दोष ट्वीटरबरोबर दुसरीकडे गेला तर ट्वीटर बिघडला आहे, जागेवरच राहिला तर क्रॉसओव्हर.

त्याच वेळी अगदी हळू वर चढत जाणारा शुद्ध स्वर वाजवून ऐकावे. कुठे खरखर, किणकिण किंवा फरफर ऐकू आली तर ती वारंवारता टिपून ठेवावी. मध्यम ड्रायव्हरमध्ये शिरलेला धातूचा कण, सैल झालेला स्क्रू, थरथरणारी फळी हे सर्व या एका चाचणीत उघडे पडते.

क्रॉसओव्हर : खरे काम येथे आहे

सत्तरच्या दशकातील ला स्कालात बहुधा टाइप एए नावाचा क्रॉसओव्हर आढळतो. त्याची रचना समजून घेतल्याशिवाय सोल्डरिंग आयर्न हातात घेऊ नये, म्हणून थोडा वेळ येथे थांबू.

वूफरच्या मार्गात २.५ मिलिहेन्रीची कॉइल असते व ती वरचे स्वर अडवते. मध्यम ड्रायव्हरच्या मार्गात १३ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असतो व तो खालचे स्वर अडवतो. दोहोंची सरहद्द सुमारे ४०० हर्ट्झवर आहे. ट्वीटरच्या मार्गात प्रत्येकी २ मायक्रोफॅरडचे दोन कपॅसिटर आणि एक लहान कॉइल असून तेथील सरहद्द सुमारे ६००० हर्ट्झवर पडते. ट्वीटर जळू नये म्हणून तेथे झेनर डायोडही जोडलेले असतात. मध्यम ड्रायव्हर वूफरपेक्षा जास्त संवेदनशील, म्हणजे तेवढ्याच वॅटला मोठा आवाज देणारा, असल्यामुळे त्याचा आवाज कमी करावा लागतो, आणि हे काम एक ऑटोट्रान्सफॉर्मर करतो. त्याला पाच टॅप, म्हणजे वायर जोडण्याच्या जागा, असतात. पाचव्यावर आवाज पूर्ण मिळतो आणि त्याखालील प्रत्येक टॅपला तो ३ डेसिबलने घटतो.

या ऑटोट्रान्सफॉर्मरमुळेच नवखे लोक फसतात. मध्यम स्वर अंगावर येतात असे वाटले की टॅप चारवरची वायर तीनवर लावावी, असा सल्ला सर्रास दिला जातो. परंतु ट्रान्सफॉर्मर केवळ आवाज कमी करत नाही, तो कपॅसिटरला दिसणारा रोधही बदलतो. टॅप चारवर १६ ओहमचा ड्रायव्हर कपॅसिटरला ३२ ओहमचा दिसतो. सरहद्दीची वारंवारता म्हणजे १ भागिले (२ × पाय म्हणजे ३.१४ × रोध × कपॅसिटरचे मूल्य). ३२ ओहम आणि १३ मायक्रोफॅरड घातले की उत्तर सुमारे ३८० हर्ट्झ येते, म्हणजे अपेक्षेच्या जवळच. आता वायर टॅप तीनवर नेली की तोच ड्रायव्हर ६४ ओहमचा दिसू लागतो आणि सरहद्द एकदम १९० हर्ट्झवर घसरते. वूफर आणि मध्यम ड्रायव्हर मग एका संपूर्ण सप्तकभर एकमेकांच्या अंगावर वाजत राहतात, आणि ज्या ड्रायव्हरने तेवढे खाली जाऊच नये त्याच्यावर भार पडतो. म्हणून टॅप एक पायरी खाली आणला तर कपॅसिटरही निम्मा, म्हणजे ६.५ मायक्रोफॅरडचा केला पाहिजे. हा एवढा हिशेब समजला की क्रॉसओव्हरमधील निम्मे गूढ संपते.

आता कपॅसिटर बदलण्याविषयी. आपल्याकडे दुकानात याला अजून कंडेन्सरच म्हणतात. जुन्या क्रॉसओव्हरमधील डबीच्या आकाराचे कपॅसिटर तेल भरलेले असतात. वयानुसार त्यांचे मूल्य सरकते आणि अंतर्गत रोध वाढतो, त्यामुळे स्वर मंद वाटू लागतात. एक वायर सोडवून कपॅसिटन्स मीटरने प्रत्येकाचे मूल्य मोजावे. मूळ मूल्यापासून दहा टक्क्यांहून अधिक फरक पडला असेल किंवा डबीतून तेल झिरपत असेल, तर तो बदलणे योग्य ठरते. तेल झिरपत असल्यास हातमोजे घालावेत. अमेरिकेत १९७९ मध्ये बंदी येईपर्यंत अशा तेलांत पीसीबी हे विषारी रसायन वापरले जात असे, त्यामुळे जुनी डबी फोडू नये, कचऱ्याच्या डब्यात टाकू नये, तर पिशवीत बंद करून घातक कचरा स्वीकारणाऱ्या केंद्राकडे द्यावी.

बदली म्हणून पॉलिप्रॉपिलीन फिल्मचा कपॅसिटर घ्यावा. ध्रुव असलेला, म्हणजे धन व ऋण खुणा असलेला इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर येथे चालत नाही. एकेका कपॅसिटरला काही हजार रुपये मोजणारे रसिक आहेत आणि त्यांच्या आनंदाबद्दल माझी तक्रार नाही. पण आपल्या छताच्या पंख्यात जो ३.१५ मायक्रोफॅरड, ४४० व्होल्टचा कपॅसिटर असतो, तोही मेटलाइज्ड पॉलिप्रॉपिलीनचाच असतो. मोटारीसाठी मिळणारा १० मायक्रोफॅरडचा तशाच जातीचा कपॅसिटर त्याला समांतर जोडला की १३.१५ मायक्रोफॅरड मिळतात आणि मूळ मूल्यापासूनचा फरक जेमतेम एक टक्का राहतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मीटर सोबत नेऊन चार-सहा नग मोजून जुळणारी जोडी निवडता येते. डाव्या-उजव्या बाजूंची मूल्ये तंतोतंत जुळणे हे कपॅसिटरवरील नावापेक्षा अधिक महत्त्वाचे आहे, आणि हे आलेखावर स्पष्ट दिसते.

कॉइल आणि ऑटोट्रान्सफॉर्मर सहसा खराब होत नाहीत, त्यांना हात लावू नये. झेनर डायोड काढून टाकण्याची एक पद्धत आहे. आपला अँप्लिफायर पाच-दहा वॅटचा असेल तर त्यांचा उपयोग फारसा नाही, पण घरात मोठा अँप्लिफायर असेल तर ते जागेवरच राहू द्यावेत, कारण जुना ट्वीटर सहज जळतो.

सोल्डर करताना जोड आधी यांत्रिकरीत्या घट्ट वळवावा, मग टाका द्यावा. वायरींच्या टोकांवरील काळा थर घासून काढावा. कोकणपट्टीतील दमट हवेत तांब्यावर हिरवट थर चढतो आणि स्क्रूखालील जोड वर्षभरात सैल पडतात, म्हणून तेथे स्क्रूच्या जोडांपेक्षा सोल्डर केलेले जोड मी पसंत करतो. वायर साधी २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची पुरे.

हॉर्न आणि पेटी

मध्यम हॉर्न धातूचा असेल तर त्यावर बोटाच्या पेराने टकटक करून पाहावी. घंटेसारखा नाद आला तर बाहेरच्या अंगाने मोटारीच्या दरवाज्यात वापरतात ते ब्यूटाइलचे डँपिंग शीट चिकटवावे. आतल्या बाजूला काहीही लावू नये, कारण तेथील वळण हाच हॉर्नचा प्राण आहे. टकटक केल्यावर फरक फार मोठा वाटतो, प्रत्यक्ष संगीतात तो लहानच असतो, तरीही खर्च थोडा असल्यामुळे हे काम करून टाकावे. ड्रायव्हर हॉर्नच्या गळ्यावर आट्यांनी बसतो. तो काढल्यास मधली गॅस्केट नवी घालावी आणि हातानेच घट्ट करावे.

पेटीचा दोष मात्र खराखुरा आहे आणि मला वाटते की ला स्कालातील सर्वांत मोलाची सुधारणा हीच होय. खर्जाच्या हॉर्नच्या दोन्ही बाजूंच्या फळ्या रुंद असून त्यांना मध्ये आधार नाही. शुद्ध स्वर हळूहळू वर चढवत त्या फळ्यांवर तळहात ठेवला की एका ठिकाणी त्या अक्षरशः थरथरताना जाणवतात. २००६ च्या ला स्काला २ मध्ये कंपनीने स्वतःच पाऊण इंची प्लायवुडऐवजी एक इंची एमडीएफ (लाकडी तंतू दाबून केलेली फळी) वापरले, यावरून हा दोष किती खरा होता ते दिसते. घरी यावर सोपा उपाय आहे. हॉर्नच्या तोंडात, बाजूची फळी आणि मधला उंचवटा यांच्यामध्ये निम्म्या उंचीवर १८ मिलिमीटर प्लायवुडची आडवी पट्टी अगदी घट्ट बसेल अशी कापून घ्यावी. पट्टी आडवी असल्याने हवेच्या वाटेत तिची फक्त जाडी येते, आणि पुढची कड गोलसर घासली की तोही अडथळा नगण्य होतो. आधी ती डिंकाशिवाय, टोकांना नमद्याचा तुकडा लावून नुसती दाबून बसवावी, पुन्हा स्वर वाजवून तळहाताने आणि मायक्रोफोनने तपासावे, आणि खात्री पटल्यावरही ती चिकटवायची की नाही याचा विचार करावा. न चिकटवता घट्ट बसली असेल तर तशीच राहू द्यावी, म्हणजे पेटीचे मूळ रूप अबाधित राहते.

वूफरच्या मागचा कप्पा हवाबंद असणे आवश्यक असते. तळाच्या फळीखालची हवा अडवणारी जुनी पट्टी चपटी झाली असेल तर बाजारात मिळणारी फोमची चिकटपट्टी नव्याने लावावी. स्पीकर आडवा करून ४० हर्ट्झचा स्वर बारीक वाजवावा आणि फळीच्या कडेने उदबत्ती फिरवावी. जेथे धूर फडफडतो तेथे हवा निसटते आहे.

ट्वीटर मागून फळीच्या भोकात बसवलेला असल्यामुळे त्याच्यापुढे फळीची कड येते आणि वरच्या स्वरांत चढउतार निर्माण होतात. तो पुढून बसवला तर आलेख अधिक सपाट होतो. परंतु त्यासाठी फळी कोरावी लागते आणि जुन्या जोडीची किंमत मूळ अवस्थेवरच ठरते, म्हणून मी ते करत नाही. नवी फळी स्वतंत्रपणे कापून मूळ फळी जपून ठेवता येत असेल तरच हा बदल करावा.

अँप्लिफायरचे गणित

कंपनीच्या माहितीपत्रकात ला स्कालाची संवेदनशीलता १०४ डेसिबल दिलेली आहे. ८६ डेसिबलच्या नेहमीच्या स्पीकरशी तुलना केली तर फरक १८ डेसिबलचा होतो, म्हणजे तेवढ्याच आवाजासाठी त्या स्पीकरला सुमारे ६३ पट वॅट लागतात. हे वरदान आहे, पण अँप्लिफायरची सूक्ष्म सरसर आणि गुणगुणही तेवढीच मोठी ऐकू येते. व्हॉल्यूमची खुंटी जरा हलवताच खोली भरून जात असेल तर पॉवर अँप्लिफायरच्या आधी १० ते १२ डेसिबलचा अटेन्युएटर, म्हणजे सिग्नल कमी करणारा भाग, लावावा. त्यामुळे अटेन्युएटरच्या आधीच्या उपकरणांची सरसर घटते आणि खुंटी सोयीच्या जागी येते. पॉवर अँप्लिफायरची स्वतःची सरसर मात्र याने जात नाही, त्यासाठी मुळात शांत अँप्लिफायरच निवडावा लागतो. गुणगुण घालवण्यासाठी प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकणारे लोक मी पाहिले आहेत. असे कधीही करू नये, कारण त्यात जीव जाऊ शकतो. सर्व उपकरणे एकाच बोर्डावरून चालवली की बहुतेक वेळा गुणगुण आपोआप कमी होते.

जागा आणि शेवटचे मोजमाप

आपल्याकडील सिमेंटच्या भिंती आणि चकचकीत फरशी यांच्यावरून आवाज जोरात परततो. हॉर्न आवाजाला दिशा देतो, हा त्याचा घरातील मोठा फायदा आहे. दोन्ही स्पीकर ऐकणाऱ्याच्या आसनाकडे असे वळवावेत की बाजूची आतली फळी जेमतेम दिसेल, म्हणजे बाजूच्या भिंतीवर कमी आवाज पडतो. समोरच्या फरशीवर जाड सतरंजी किंवा गालिचा घालावा आणि मागच्या भिंतीला भरलेले पुस्तकांचे कपाट असल्यास उत्तम. एवढ्याने जो फरक पडतो तो कोणताही महागडा कपॅसिटर देऊ शकत नाही.

ला स्काला ५० हर्ट्झच्या खाली वेगाने विरतो. तबल्याच्या बायाचा घुमारा त्यात पूर्ण येतो, पण ऑर्गनचे सर्वांत खालचे स्वर येत नाहीत. पेटीला भोके पाडून ते मिळवण्याचे प्रयोग केले जातात, मात्र ते परत फिरवता येत नसल्याने त्यांऐवजी वेगळा सबवूफर, म्हणजे फक्त सर्वांत खालच्या स्वरांचा स्पीकर, ७० हर्ट्झच्या आसपास जोडणे मला सयुक्तिक वाटते. मात्र आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, आणि घडीच्या हॉर्नमधून त्याला जास्त अंतर कापावे लागते. त्यामुळे शेजारी ठेवलेल्या सबवूफरचा आवाज आधी पोहोचतो. दर अर्ध्या मीटरच्या फरकाला सुमारे दीड मिलिसेकंद या हिशेबाने सबवूफरला विलंब द्यावा, तो अर्ध्या-अर्ध्या मिलिसेकंदाने बदलत आसनावर ठेवलेल्या मायक्रोफोनने प्रत्येक वेळी मोजावे, आणि ७० हर्ट्झच्या दोन्ही बाजूंना खड्डा दिसेनासा झाला की तेथे थांबावे.